तात्यांचे टेप

"आता?" हे हॉलमधून ओरडले.

"नाही," मी स्वयंपाकघरातून ओरडले.

"आता बघ."

"अहो, वाजलं तर मला ऐकू येईलच ना! दर वेळी विचारायला कशाला हवं?"

"तुझा भांड्यांचा खणखणाट चाललाय. त्यात काय ऐकू येणार?"

मी नळ बंद केला आणि हातातली कढई तशीच धरून हॉलच्या दारात येऊन उभी राहिले. हे जमिनीवर मांडी घालून बसले होते. चष्मा कपाळावर, फोन हातात, शेजारी नव्या स्टिरिओचं माहितीपुस्तक उलटं पडलेलं. बिनवायरीचं यंत्र म्हणून आणलं होतं, पण यांच्या भोवती वायरींचा असा गुंता पडला होता की उठायचं म्हटलं तर आधी पाय सोडवावे लागले असते.

"फोनवर वाजतंय असं दिसतंय," हे म्हणाले. "ही रेघ पुढं सरकतीय बघ. सेकंद पळतायत. म्हणजे गाणं चालू आहे. मग ते जातंय कुठं?"

"मला काय विचारता? विज्ञान तुम्ही शिकवायचात."

"विज्ञानात असं नसतं," हे चिडून म्हणाले. "विज्ञानात बटण दाबलं की दिवा लागतो."

आमचे हे, म्हणजे रमाकांत पतंगे, बार्शीत जन्मभर विज्ञान शिकवून निवृत्त झाले. वर्गात कुणाचा प्रयोग फसला की 'तू कुठंतरी चुकतोयस, प्रयोग कधी चुकत नाही' असं म्हणायची यांची पद्धत. नोटाबंदीच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. त्या दिवाळीनंतर मात्र यांचा स्वतःचाच प्रयोग रोज फसत होता आणि त्याचा राग माझ्यावर निघत होता.

एवढा आटापिटा कशासाठी, ते सांगायला हवं. माझे सासरे, तात्या, यांचं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. लग्न, जत्रा, निवडणूक, कीर्तन, गणपतीतले कार्यक्रम, जिथं माणसं जमतील तिथं तात्यांचे कर्णे. त्यांना नाद असा की कार्यक्रम सुरू झाला की ॲम्प्लिफायरला टेप जोडून द्यायचा. वैरागच्या, पानगावच्या, कुर्डुवाडीच्या माणसांचे आवाज त्यांनी असे जमवले. त्यातल्या कुणाला पुढं रेडिओनं बोलावलं नाही, कुणाची तबकडी निघाली नाही. त्यांचं गाणं राहिलं असेल तर ते तात्यांच्या टेपवरच. ते टेप ऐकण्यासाठी तात्यांनी एक भलामोठा स्टिरिओ केला होता, सागवानी पेट्यांचे दोन स्पीकर असलेला. रविवारी सकाळी तो लागला की गल्लीतली माणसं ओट्यावर येऊन बसायची.

तात्या गेले आणि घराची वाटणी झाली. मध्ये भिंत आली. एका अंगाला आम्ही, दुसऱ्या अंगाला थोरले दीर दिवाकर. त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. शाळा सुटल्यापासून ते तात्यांच्या हाताखाली दुकानातच होते. भांडीकुंडी, पलंग, कपाटं सगळं सुरळीत झालं आणि शेवटी टेप आणि स्टिरिओ राहिले. वाटणीला यांचे मामा बसले होते. त्यांनी विचारलं, "याचं काय करायचं?" हे म्हणाले, "स्टिरिओ आप्पा घेऊ दे. टेप मी घेतो." आप्पा म्हणाले, "घेऊ दे की."

खरं तर यांना वाटलं होतं, आप्पा म्हणतील, अरे वेडा का काय, दोन्ही एकत्र राहू दे, रविवारी येत जा ऐकायला. आणि अक्का, म्हणजे माझ्या जाऊबाई, मला पुढं सांगत होत्या की आप्पाही यांनी हेच म्हणावं म्हणून थांबले होते. कुणीच म्हटलं नाही. मामांनी पानाला चुना लावला आणि विषय संपला.

टेप आमच्या माळ्यावर गेले, स्टिरिओ त्यांच्याकडे कापडाखाली गेला. वर्षश्राद्धाला पंगत बसलेली असताना यांनी आप्पांना विचारलं, तात्यांचे कर्णे कुठं आहेत. आप्पांनी ते विकून टाकले होते. हे म्हणाले, "तात्यांना भंगारात घातलंस." आप्पा म्हणाले, "पगारी माणसाला कर्ण्याचं ओझं काय कळणार? खांद्यावर मी वाहिलेत." त्या पंगतीपासून दोघांचं बोलणं बंद झालं ते झालंच. वर्षानुवर्षं. रस्त्यात समोरासमोर आले तर एक जण चप्पल बघायचा आणि दुसरा आभाळ.

आम्ही दोघी जावा मात्र बोलत होतो. परसातली भिंत छातीएवढीच होती. तिच्यावरून आमट्या जायच्या, लोणची यायची, बातम्या दोन्हीकडे जायच्या. पुरुषांना हे माहीत होतं का? असेलही. विचारायची त्यांची छाती नव्हती, कारण विचारलं असतं तर वाटीतली आमटी परत करावी लागली असती.

त्या दिवाळीआधीच्या उन्हाळ्यात आप्पांना अर्धांगाचा झटका आला. रुग्णवाहिका आली तेव्हा हे खिडकीत उभे होते. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी उभेच होते. मी सोलापूरला दवाखान्यात जाऊन आले, तर यांनी एका शब्दानं विचारलं नाही. फक्त जेवताना भाकरी अर्धी टाकून उठले. मला असा संताप आला होता! मनात म्हटलं, एवढं गिळवत नाही तर जा की बघायला. पण मीही बोलले नाही. यांच्यापुढं तो विषय काढणं म्हणजे दगडावर डोकं आपटून घेणं.

आप्पा घरी आले ते उजवा हात-पाय आणि बोलणं घालवून. डॉक्टर म्हणाले होते, प्रयत्न केला तर बोलणं थोडं थोडं परत येईल. पण आप्पा प्रयत्नच करायचे नाहीत. खुर्चीत बसायचे आणि भिंतीकडं बघायचे. अक्का रडकुंडीला यायच्या. "मी काय बोलतीय ते कळतंय त्यास्नी, पण 'हं'सुद्धा म्हणत न्हाईत गं," म्हणायच्या.

त्यांची मुलगी कांचन लातूरला दिलेली. तिला रोज बापाला बघायचं असायचं आणि अक्कांच्या फोनला नेट पुरायचं नाही. एकदा अक्का भिंतीपाशी आल्या. "रजनी, तुमच्या वायफायचा ते काय असतं ते सांग की. पोरगी रडतीय तिकडं." मी पासवर्ड सांगितला. यांना सांगितलं नाही. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नव्हतं आणि आजही वाटत नाही.

इकडं आमच्या निखिलनं वर्षभर खपून पुण्यात सगळ्या टेपांचं डिजिटल करून घेतलं. दिवाळीला येताना नवा स्टिरिओ आणि त्याला जोडायची काडेपेटीपेक्षा जराशी मोठी एक डबी घेऊन आला. फोनवर गाणं लावायचं, ते वायफायवरून डबीत येणार आणि स्पीकरमधून वाजणार. त्यानं जोडलं, एक आरती वाजवून दाखवली. म्हणाला, "टेप अजून चढतायत बाबा, चार दिवसांत सगळे तुमच्या फोनवर दिसायला लागतील. ते क्लाउडवर आहेत."

"म्हणजे कुठं?"

"म्हणजे ढगात समजा."

"तात्या वर गेले," हे मला म्हणाले, "आता त्यांचे टेपही वर गेले."

निखिल पुण्याला परतला. दुसऱ्याच दिवशी वीज गेली आणि आली. आणि तेव्हापासून आमचा स्टिरिओ जो मुका झाला तो झाला.

रोज दुपारचं जेवण झालं की हे बैठक मारायचे. निखिलला फोन लावायचे. तो ऑफिसात दबक्या आवाजात बोलायचा.

"बाबा, राउटर बंद करून चालू करा."

"केला."

"डबीचा निळा दिवा लागलाय ना? फोनवर आपलं नाव दिसतंय का? पतंगे म्हणून?"

"दिसतंय. दाबलं. जोडलं गेलं म्हणतोय."

"मग वाजायला पाहिजे."

"वाजायला पाहिजे हे मलाही माहितीय! वाजत नाहीये!"

मग कंपनीला फोन. तिकडची बाई गोड आवाजात सांगायची की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग बासरी वाजवायची. "हिची बासरी बरोब्बर वाजते," हे फोनकडं बघून दात ओठ खायचे.

मी एकदा म्हटलं, "अहो, नुसत्या फोनवरच ऐका ना. आवाज येईल तेवढा येईल."

"तात्यांचे टेप मी असल्या डबड्यावर ऐकायचे?" हे असे उसळले की मी परत ते नाव काढलं नाही. इतक्या वर्षांनी टेप ऐकायला मिळणार होते आणि हा हट्टी माणूस ते फोनवर लावून मुक्या स्पीकरकडं बघत बसायचा.

पहिल्या दिवशी मी कढई घेऊन दारात उभी राहिले होते म्हटलं ना, त्याच दुपारी परसातून हाक आली. "रजनी! अगं ए रजनी!" आवाज चोरटा, पण घाईचा.

मी गेले. अक्कांचे डोळे मोठे झालेले. "आमचा स्टिरिओ आपोआप सुरू झालाय गं."

"कुठला स्टिरिओ?"

"मामंजींचा! कांचननं दिवाळीत त्याला कसलीशी डबी लावून दिलती, यांनी अभंग ऐकावेत म्हणून. मला काय ते लावता येत न्हाई. तसाच चालू पडला होता. आन् आत्ता एकदम पेटी वाजायला लागली, गुरवाची सोनाबाई गायला लागली. मामंजींच्या टेपातली! मी तर घाबरून हात जोडले."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमची दोन्ही पोरं आपापसात चांगली बोलायची, हे मला ठाऊक होतं. एकाच दुकानातून एकसारख्या डब्या आणल्या असणार. आणि आमचं वायफाय तर मीच देऊन बसले होते. "भुताटकी नाही, अक्का, आमच्याच फोनवरून येत असेल," एवढं सांगून मी घरात आले. हे हात धुवायला गेले होते. फोन उचलून पाहिला. वर 'पतंगे' होतं. बोटानं जरा वर सरकवलं, तर खाली दुसरं नाव आलं, 'पतंगे हॉल'. आमचं ते होतं. यांनी तसं सरकवून कधी पाहिलंच नव्हतं. आडनाव दिसलं की दाबून मोकळे.

मला हसूच फुटलं. आता सांगावं म्हणून मी तोंड उघडणार, तेवढ्यात परत हाक. परत गेले.

अक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या. या वेळी डोळ्यांत पाणी होतं. "बंद करू नको म्हणावं," त्या म्हणाल्या. "त्यांनी मान वळवली गं. भिंतीकडं बघत बसले होते ते स्टिरिओकडं वळले. आन् डावा हात मांडीवर असा... असा ठेका धरतायत."

मी परत हॉलमध्ये आले. हे वायरी गुंडाळत होते. "बास झालं आज," म्हणाले. "डोकं उठलं."

"अहो," मी म्हटलं, "अजून एकदा लावून बघा ना."

त्या दिवसापासून मी नवऱ्याशी जे वागले त्याला काय म्हणावं मला माहीत नाही. दुपार झाली की मीच फोन आणून यांच्या हातात द्यायची. "आज लागेल बघा, आज हवा स्वच्छ आहे." हवा आणि वायफायचा काय संबंध, म्हणून हे मला अर्धा तास समजावून सांगायचे, पण लावायचे. कंटाळून बंद करायला निघाले की मी म्हणायची, "मधेच बंद केल्यावर कसं कळेल? पूर्ण टेप होऊ द्या. मशीन गरम व्हायला वेळ लागतो."

"मशीन गरम व्हायला हा काय बंब आहे?"

"राहू द्या हो चालू. काय बिघडतंय?"

मग अक्कांच्या फर्माइशी यायला लागल्या. भाजीची वाटी परत देताना सांगायच्या, "कालचं ते भारूडच परत लाव म्हणावं. ते चांगलं लागलं त्यास्नी." आता हे यांना कसं सांगायचं? मी म्हणायची, "ते आठव्या ओळीतलं दाबा ना आज."

"का? आठव्या ओळीत काय आहे?"

"आठ नंबर शुभ असतो."

"रजनी," हे चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुझी तब्येत बरी आहे ना?"

चिडचिड माझीही होत होती, खोटं कशाला सांगू. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला जाऊ, आणि मध्ये मी, कधी नळ बंद करून धावतेय, कधी पोळी करपवतेय. रात्री हे पंख्याकडं बघत पडायचे आणि एकदम म्हणायचे, "सोनाबाईचा आवाज कसा होता ते आठवायचा प्रयत्न करतोय. येत नाही आठवायला." तेव्हा मात्र मी कूस बदलून भिंतीकडं तोंड करायची. ज्याचे टेप त्याला ऐकू येत नव्हते आणि भिंतीपलीकडं रोज मैफल झडत होती. एक बोट वर सरकवलं की काम झालं असतं. पण अक्का सांगायच्या, आज आप्पांनी 'हं' केलं. आज ओठ हलवले. आज वरणभात पुरता संपवला. मी गप्प राहायची.

अशी किती दिवस गप्प राहिले असते, देव जाणे. ते आप्पांमुळंच फुटलं.

एका दुपारी यांनी वैतागून निर्णय जाहीर केला. "आज शेवटचं. आज नाही लागलं तर डबी परत पाठवतोय. निखिलला सांगितलंय." त्यांनी फोन हातात घेतला, एक टेप लावला आणि स्पीकरकडं पाठ करून बसले, जणू त्याच्याशीही बोलणं बंद केलंय. मी शेंगा निवडत होते. पलीकडं आप्पांनी, मला मागाहून कळलं, हातानं खूण करून अक्कांना आवाज वाढवायला लावला होता. तोवर त्या बिचाऱ्या भीतीनं अगदी बारीक ठेवायच्या.

भिंतीतून पेटीचे सूर आले.

यांनी मान वर केली. "हे कुठं लागलंय?"

"कुठं काय?" मी शेंगा जोरजोरानं फोडायला लागले.

"थांब जरा." हे उठले, भिंतीला कान लावला. चेहरा बदलला. "ही तर... ही तात्यांची पेटी आहे. दुकानातली. हिचा एक सूर चिरका लागायचा." आणि एकदम लाल झाले. "टेप चोरले! त्यानं आपले टेप चोरले!"

"अहो, टेप माळ्यावर आहेत."

"मग त्याच्याकडं कुठून आले?"

यांनी हातातल्या फोनकडं पाहिलं. रेघ पुढं सरकत होती. हळूच बोट टेकवून त्यांनी गाणं थांबवलं. भिंत गप्प झाली. परत दाबलं. भिंत वाजायला लागली. परत थांबवलं. परत गप्प.

हे माझ्याकडं वळले. वर्गात मागच्या बाकावरचा शेंगदाणे खाणारा पोरगा सापडल्यावर बघत असतील तसे.

नेमकी तेव्हाच परसातून अक्कांची हाक आली, खणखणीत. "रजनी! बंद का पडलं गं? यांचा जीव वरखाली होतोय. भावजींना लावायला सांग की परत!"

शेंग माझ्या हातातून घरंगळली.

"किती दिवस?" हे म्हणाले.

"पहिल्या दिवसापासून."

"आणि वायफाय?"

"उन्हाळ्यापासून. कांचनला बापाला बघायचं होतं."

यांनी चपला पायात सरकवल्या आणि फोन मुठीत धरून पुढच्या दारानं बाहेर पडले. फाटक आपटलं. शेजारचं फाटक करकरलं. मी परसाकडं धावले, आयुष्यात पहिल्यांदा ती भिंत ओलांडली, साडी अडकून टरकन फाटली, आणि अक्कांच्या मागच्या दारानं आत शिरले.

हे खोलीच्या मधोमध उभे होते. अक्का पदर तोंडाशी धरून दाराला चिकटल्या होत्या. "आमच्या वायफायवर..." हे एवढंच म्हणाले होते. पुढचं वाक्य बहुतेक घरून पाठ करून आणलं होतं, पण ते आप्पांकडं पाहिल्यावर विसरले.

आप्पा खुर्चीत होते, उजव्या बाजूला उशा लावलेल्या. पहाडासारखा माणूस, आता सदरा खांद्यावर टांगल्यासारखा दिसत होता. तोंड एका बाजूला ओढलेलं. गालावर कापल्याची खूण, तिच्यावर हळद. हे आप्पांना झटक्यानंतर पहिल्यांदाच बघत होते. आप्पांनी यांच्याकडं पाहिलं, मग स्टिरिओकडं पाहिलं, मग डावा हात उचलला.

"ला..." ते म्हणाले.

"लाव म्हणतायत," अक्का पुटपुटल्या.

"मला कळतं तो काय म्हणतोय ते," हे करवादले. आणि यांनी बोट टेकवलं.

थोडी खरखर झाली. पेटी थांबली होती, कुणीतरी खाकरलं. दोन गाण्यांच्या मधला वेळ असावा. आणि मग स्टिरिओच्या त्या सागवानी पेट्यांतून, जणू आतल्या खोलीतून बोलावं तसा, तात्यांचा आवाज आला.

"हॅलो. हॅलो. दिवाकर, मागं ऐकू जातंय का रे?"

लांबून एका पोराचा आवाज. "जातंय!"

"रमाकांत कुठाय?"

"माझ्या खांद्यावर हाय!"

"उतरव त्याला. झोपला असंल. मान लचकंल तुझी."

"झोपला न्हाई. त्याला पेटीवाला बघायचाय. उतरत न्हाई म्हणतोय."

माणसं हसली. आणि मग कर्ण्यातून ती कर्कश शिट्टी निघाली, माइकचा आवाज फार वाढवला की निघते तशी. खोलीत आम्ही सगळे दचकलो. टेपातले तात्या ओरडले, "शिट्टी मारतोय! कमी कर, आवाज कमी कर, दिवाकर!"

आप्पांचा डावा हात झपकन पुढं गेला. स्टिरिओच्या बटणाकडं. खुर्ची लांब होती, हात पुरला नाही. बोटं हवेतच राहिली. ते अंग पुढं ढकलायला लागले, उशी घसरली, अक्का "अहो पडाल" म्हणून धावल्या.

त्याआधी हे पुढं झाले होते. त्यांनी गुडघा टेकला आणि बटण फिरवून आवाज कमी केला.

"अजून," आप्पा म्हणाले.

स्पष्ट. अख्खा शब्द. अक्कांनी माझा दंड असा दाबला की दुसऱ्या दिवशी काळानिळा झाला होता.

"एवढं बास आहे," हे म्हणाले.

"अ... जून."

"अरे आप्पा, शिट्टी टेपमधे आहे! तेव्हाची आहे. इथं आवाज कमी करून ती कशी जाईल?"

"क... मी कर."

"तुला कधी पटलंय का माझं? सांग, आयुष्यात एकदा तरी पटलंय?" असं म्हणत यांनी बटण आणखी फिरवलं. शिट्टी थांबली. सोनाबाई गायला लागली. हे तिथंच, खुर्चीच्या पायाशी, फरशीवर बसून राहिले. मी अक्कांना घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि दोघींनी मिळून एवढा चहा केला की अख्ख्या गल्लीला पुरला असता.

त्यानंतर आप्पा दोन-अडीच वर्षं होते. बोलणं थोडं आलं, पुरतं कधी आलं नाही. या भावांनी एकमेकांची माफी मागितली असेल तर माझ्यासमोर तरी नाही. भिंतही आहे तिथंच आहे. पण मला सगळ्यात जास्त आठवते ती त्या दुपारनंतरची संध्याकाळ आणि सकाळ.

संध्याकाळी जेवताना मी बोलणी खायची तयारी ठेवली होती. हे ताक पिऊन झाल्यावर म्हणाले, "त्याच्या गालाला कापलंय."

"अक्का दाढी करतात. हात थरथरतो त्यांचा."

"न्हावी बोलवायचा मग."

"बोलवला होता. आप्पा तोंड फिरवतात. परक्यानं हात लावलेला चालत नाही त्यांना."

यांनी ताकाची वाटी ताटात उपडी ठेवली. "बरं," म्हणाले आणि उठले.

सकाळी पाहते तर हे मोरीत वाटी, ब्रश आणि साबण विसळत होते. नवं पातं काढून कागदात गुंडाळलेलं, खांद्यावर पंचा. मी विचारलं, "कुठं निघालात?" तर म्हणाले, "कुठं म्हणजे? हे हातात घेऊन माणूस बाजारात जातो का?" आणि गेले.

मी परसात कपडे वाळत घालत होते. पलीकडून ऐकू येत होतं.

"हलू नको. अरे, हलू नको म्हणतो ना! पातं आहे हातात."

"गा... र."

"काय गार?"

"पा... णी."

"गार नाहीये."

"गार."

"मी हात घालून बघितलंय, आप्पा. कोमट आहे. याला कोमट म्हणतात."

"गार!"

मग यांची हाक आली, भिंतीच्या वरून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. "रजनी! गरम पाणी आण गं. याला गार लागतंय."

मी गॅसवर पातेलं चढवलं. पाणी तापलं, ते घेऊन पुढच्या दारानं वळसा घालून मी पोचेपर्यंत जरा वेळ गेला. आत गेले तेव्हा आप्पांच्या अर्ध्या तोंडाला फेस होता आणि यांच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत. दोघंही माझ्याकडंच बघत होते, कपाळाला एकसारख्या आठ्या घालून, एवढा उशीर का केलास म्हणून.